शुल्क निरंक

तारखा मी पुस्तकाच्या या प्रकरणात घालणार नाही. त्या माझ्या पत्रांच्या स्थळप्रतींवर आहेत, आणि ज्यांना ती पत्रे गेली त्यांच्या आवक नोंदींतही असायला हव्यात; नसतील तर तो स्वतंत्र अपराध आहे. जबाबदारांची यादी मात्र आरंभीच देतो, म्हणजे वाचकाला ती शोधत बसावे लागणार नाही. पहिले, परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी करणारे त्या वेळचे मुंबईतील कक्ष अधिकारी. दुसरे, त्यांचा शेरा न वाचता त्याखाली सही करणारे त्यांचे वरिष्ठ. तिसरे, माझे अपील ऐकण्यासाठी नेमलेले आणि ते कधीही न ऐकलेले अधिकारी. चौथे म्हणजे त्यानंतर त्या खुर्च्यांवर बसलेले सर्व जण, ज्यांच्या हाती माझी स्मरणपत्रे पडली आणि ज्यांनी 'पाहिले' एवढे लिहून ती खाली ठेवली. माझे वडील या यादीत नाहीत. त्यांचे नाव हळूच तिच्यात घालू पाहणारे लोक मला भेटलेले आहेत, म्हणून हे आधीच स्पष्ट करतो. जर्मनीतल्या आखन या गावाच्या परदेशी नागरिक कार्यालयातल्या बाईही नाहीत. त्यांनी कायदा सांगितला आणि त्या कायद्याप्रमाणे वागल्या, हे मला रागातही मान्य करावे लागते.

त्या काळात मी आखनमध्ये वानखडेकाकांकडे राहत होतो. ते आमच्या नात्याचे नव्हते. अमरावतीच्या विहारात त्यांच्या आईची आणि माझ्या वडिलांची ओळख होती, तेवढ्या आधारावर मी एक पत्र आणि दोन किलो तिखट घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. काका एका यंत्रांच्या कारखान्यात अभियंता होते. बोलणे कमी, पण दार उघडल्याबरोबर 'जय भीम' म्हणून माझी बॅग त्यांनी आत ओढली आणि मग मी कोण हे विचारले. घर गावाच्या पश्चिम टोकाला होते. तिथून नेदरलँड्सची सीमा इतकी जवळ की काकू भाजी आणायला देश ओलांडून पायी जात आणि कोथिंबीर स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्या देशाचे कौतुक करत परत येत. मला दिलेली खोली लहान, पण मागच्या बागेकडे उघडणारी होती. तिच्या खिडकीखाली रेडिएटर होता आणि पलंगाशेजारी भिंतीला हाताने धरायची एक दांडी बसवलेली होती. ती कशासाठी, हे मी पहिल्याच दिवशी विचारले. काकू म्हणाल्या, "आईंसाठी. त्यांचे गुडघे धरतात. उन्हाळ्यात येतील त्या, तोवर तू राहा." म्हणजे मी काकांच्या आईच्या, आजींच्या खोलीत उतरलेला भाडेकरू होतो, आणि भाडे घ्यायला काकांनी साफ नकार दिला होता.

त्या घराचा आवाज म्हणजे भाकरी थापण्याचा आवाज. ज्वारीचे पीठ कोलोनच्या एका दुकानातून येई, आणि रविवारी दुपारी काकू भाकरी करीत. खालच्या मजल्यावर एक वृद्ध जर्मन बाई राहत. तिथे दुपारी शांतता पाळण्याची वेळ असते, आणि नेमक्या त्या वेळी डोक्यावर थप थप सुरू झाली की त्या झाडूच्या दांड्याने छत ठोकीत. वरून थप थप, खालून ठक ठक. काकू दर वेळी हात थांबवीत आणि म्हणत, "घ्या, लागली भजनाला साथ द्यायला." मी तेव्हा नुकताच जर्मन कायदेशीर भाषा वाचू लागलो होतो. जिन्यात लावलेली घराची नियमावली मी वहीत उतरवून आणली आणि त्या बाईंना एक पत्र लिहिले: नियमावलीत त्या वेळेत गालिचे झोडपण्यास मनाई आहे, भाकरी हा गालिचा नव्हे, तरीही शेजारधर्म म्हणून आम्ही ओट्यावर दुहेरी टॉवेल घालत आहोत. माझ्या आयुष्यातले ते पहिले तक्रारवजा पत्र, आणि उत्तर आलेलेही जवळजवळ शेवटचे. बाई स्वतः वर आल्या. भाकरी म्हणजे काय ते दाखवा म्हणाल्या. काकूंनी त्यांना लोणी लावून गरम भाकरी आणि जवसाची चटणी दिली. जवस तिथे लोक पोट साफ होण्यासाठी औषध म्हणून खातात. तो लसूण-मिरची घालून कुटतात हे पाहून बाईंच्या डोळ्यांत पाणी आले, ते आश्चर्याने की तिखटाने, हे ठरवता येईना. काकांची सात वर्षांची मुलगी मैत्रेयी हे सगळे पाहत होती. तिला मराठी पुरेपूर समजे, पण उत्तर ती जर्मनमध्येच देई. ती आईला म्हणाली, "हा दादा पत्रासारखं बोलतो." काकू हसून म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. आणि पत्रात भांडणासारखं लिहितो."

आता अर्जाविषयी. माझे पहिले वर्ष एका कारखान्यातल्या प्रशिक्षणार्थीच्या भत्त्यावर निघाले होते. ते संपता संपता आखनच्या विद्यापीठात मला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. जर्मनीत सरकारी विद्यापीठ शिकवण्याचे शुल्क घेत नसे. दर सहामाहीला विद्यार्थ्यांची म्हणून एक किरकोळ वर्गणी भरली की झाले. पण राहणे, खाणे, विमा, पुस्तके यांचा खर्च होताच, आणि त्यासाठी आपल्या सरकारची शिष्यवृत्ती होती. तिच्या नियमात 'शिक्षण शुल्क व निर्वाह भत्ता' असे शब्द होते. अर्ज पालकाने समक्ष दाखल करायचा होता, म्हणून तो बाबांनी भरला. बाबा अमरावतीजवळच्या तहसील कचेरीत आयुष्यभर लिपिक होते. रकाना कोरा ठेवणे हे त्यांच्या लेखी दार उघडे टाकून गावाला जाण्यासारखे होते. रेघ मारणेही त्यांना मंजूर नव्हते. ते म्हणत, "रेघेवर उद्या कोणीही आकडा बसवतो. निरंक लिहिलं की रकाना मिटला." आमच्या घरी दूधवाल्याच्या कॅलेंडरवर, दूध न घेतलेल्या दिवशीही 'निरंक' असे. आईने एकदा किराण्याच्या यादीत गुळापुढे काही लिहिले नाही, तर बाबांनी तिथे निरंक लिहिले आणि त्या महिन्यात गूळ आला नाही. आई त्यांना कितीतरी दिवस 'अहो निरंक' म्हणून हाक मारी. तर, शिक्षण शुल्क या रकान्यात बाबांनी सवयीने आणि सत्याला धरून लिहिले: निरंक. निर्वाह भत्त्याच्या रकान्यात लिहिले: नियमानुसार. याहून बिनचूक अर्ज त्या कार्यालयात त्या वर्षी आला नसेल, असे मी आजही शपथेवर सांगेन.

नकार आला तो बाबांच्या पत्त्यावर. बाबांनी त्याची प्रत मला पाठवली, आणि प्रतीच्या समासात स्वतःच्या बारीक अक्षरात लिहिले: 'वाचून शांत राहणे.' नकाराचा आशय असा, की अर्जदाराने स्वतःच मागणी निरंक असल्याचे नमूद केले आहे. ज्याला शुल्कच नाही त्याला शुल्काशी निगडित भत्ता देता येत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. मी शांत राहिलो नाही. जेवणाच्या टेबलावर ते पत्र ठेवून मी काकांना समजावून सांगितले, की निरंक शुल्कापुढे लिहिले होते, मागणीपुढे नव्हे. आणि नियमात 'शुल्क व भत्ता' आहे, 'शुल्क असल्यास भत्ता' नाही. त्या 'व'चा अर्थ काय, यावर मी त्या रात्रीपासून जी पत्रे लिहू लागलो ती अजून थांबलेली नाहीत. काकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "आमच्याकडे साखर व मीठ दोन्ही मिळेल, अशी पाटी असली, तर ज्याला साखर नको त्याला मीठ देत नाहीत काय?" काकू आतून म्हणाल्या, "मुंबईला देत नसतील."

बाबा मुंबईला गेले. रजा काढून, इस्त्रीचा सदरा घालून, नियमाची प्रत बरोबर घेऊन. परतल्यावर त्यांनी भेटीचा वृत्तान्त मला एखाद्या सभेच्या इतिवृत्तासारखा लिहून पाठवला. तो मला पाठ आहे. कक्ष अधिकारी म्हणाले, "तुमचा मुलगा तिथं फुकट शिकतो ना?" बाबा म्हणाले, "शुल्क नाही, साहेब. पण जेवतो." "शासन शिकायला पाठवतं, जेवायला नाही." बाबा म्हणाले, "साहेब, नियमात निर्वाह हा शब्द आहे. निर्वाह उपाशीपोटी कसा होईल?" अधिकारी हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही स्वतः कचेरीतले. कळायला पाहिजे. ती काय वर्गणी का काय असते म्हणता ना, ती टाकायची शुल्कात. काहीतरी आकडा टाका हो, बाकी मी बघतो. निरंक कोणी लिहितं का?" बाबांनी उत्तर दिले, "वर्गणी हे शुल्क नव्हे. तसं लिहिलं तर उद्या तुम्हीच मला खोटी माहिती दिली म्हणून धराल." आणि ते उठले. पुढे बरेच जण, काही आमच्या समाजातले सुशिक्षितही, मला म्हणाले की तुझ्या वडिलांनी तो आकडा टाकला असता तर काय बिघडले असते. त्यांना मी इतकेच विचारतो, की ज्या अधिकाऱ्याला खोटा आकडा चालत होता त्याला खरा शब्द का चालला नाही? याचे उत्तर त्यांच्यापैकी कोणी दिलेले नाही. बाबांनी त्याच दिवशी, तिथल्याच बाकावर बसून अपील लिहिले, पोच घेतली आणि घरी परतले.

इकडे माझ्या वास्तव्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती. आखनच्या परदेशी नागरिक कार्यालयात माझे प्रकरण फ्राऊ होफमान नावाच्या बाईंकडे होते. चष्मा साखळीने गळ्यात, टेबलावर एक निवडुंग, आणि प्रत्येक कागद कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवलेला. मी प्रवेशाचे पत्र पुढे केले. त्यांनी ते मान्य केले. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही जगणार कशावर, याचा पुरावा?" मी शिष्यवृत्तीच्या अपिलाची पोच दाखवली. पोचेवरची मराठी त्यांना वाचता येणार नव्हती. मी भाषांतर करून दिले. त्यांनी विचारले, "हा होकार आहे?" मी म्हणालो, "नाही. आम्ही प्रश्न विचारला आहे आणि तो त्यांना मिळाला आहे, इतकाच याचा अर्थ." त्यांनी पोच कोपऱ्याला कोपरा जुळवून मला परत केली. "विद्यापीठ पैसे घेत नाही, म्हणूनच तर जगण्याचे पैसे तुमच्याकडे हवेत," त्या म्हणाल्या. म्हणजे ज्या कारणासाठी मुंबई मला भत्ता नाकारत होती, नेमक्या त्याच कारणासाठी आखन तो मागत होते. पुरावा नसेल तर परत जायचे. परत जाणे म्हणजे प्रवेश गेला, आणि प्रवेश गेला तर पुढच्या वर्षी अर्जही करता येणार नव्हता, कारण त्या योजनेत वयाची अट होती. मी हे सगळे त्यांना कलमवार सांगितले. त्यांनी मधे थांबवले नाही. शेवटी म्हणाल्या, "एक मार्ग आहे. इथे राहणारा, कमावता माणूस तुमचा खर्च उचलण्याची हमी सरकारला लिहून देऊ शकतो. आहे असा कोणी?"

काका पुढच्याच टेर्मीनला, म्हणजे कार्यालयाने ठरवून दिलेल्या वेळेला, माझ्याबरोबर आले. पगाराच्या पावत्या, घराचा करार, सगळे एका फाइलीत. फ्राऊ होफमान यांनी हिशेब केला, पुन्हा केला, आणि म्हणाल्या, "श्रीयुत वानखडे, तुमच्या मिळकतीत पत्नी आणि मूल सोडून आणखी एका माणसाची हमी बसते. तुमचा तुमच्या आईंसाठीही अर्ज आलेला दिसतो." काका म्हणाले, "हो." त्या म्हणाल्या, "दोन बसत नाहीत. कोणता पुढे नेऊ?" मी जर्मनमध्ये म्हणालो की आईंचा अर्ज आधीचा आहे आणि तोच पुढे जायला हवा, हे मी कायद्याच्या दृष्टीने म्हणत होतो आणि मनापासूनही. काकांनी माझ्या दंडावर हात ठेवून मला गप्प केले. "उद्या सांगतो," ते म्हणाले. 

त्या संध्याकाळी पिठले-भाकरी होती. काकूंनी सगळे ऐकले. परात धुवायला ठेवली आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "अहो, आईंना काय सांगायचं? त्यांनी शेजारच्या बायांना सांगून ठेवलंय. स्वेटर विणून घेतलाय." काका म्हणाले, "पुढल्या वर्षी पगार वाढेल. तेव्हा आणू." "आणि त्यांचे गुडघे पुढल्या वर्षी बरे होणार आहेत?" "आई थांबू शकते. याचा परवाना थांबत नाही." काकू माझ्याकडे वळल्या. त्या चिडल्या होत्या, पण माझ्यावर नाही, आणि हे त्यांनी मला त्याच क्षणी सांगितले, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. "तुझ्यावर नाही चिडले रे. तू जेव. मला फक्त एवढं सांग, तुझ्या त्या मुंबईच्या साहेबाला आई आहे की नाही?" मैत्रेयी मान खाली घालून जेवत होती. तिने पहिल्यांदाच माझ्यासमोर मराठीत एक वाक्य म्हटले: "आजी येणार नाही?"  काकांनी तिच्या ताटात आणखी पिठले वाढले.

आजींना फोन करायचा होता. अमरावतीत त्यांच्या गल्लीच्या तोंडावर जे दुकान होते तिथे निरोप ठेवला की त्यांना बोलावून आणीत. काका बोलले, मग काकू, आणि मग आजींनी मलाच फोनवर मागितले. मी क्षमा मागायला सुरुवात केली. त्यांनी ती मधेच तोडली. "ते राहू दे, बाप्पा. मले काय तिथं बर्फात शेती करायची होती? तू शीक. फक्त मले एक सांग. तुझा बाप म्हणे खरं लिवून आला. मंग सरकारनं काहून नाही देले पैसे?" मी नियम सांगू लागलो, शुल्क, भत्ता, 'व'. त्या शांतपणे ऐकत होत्या, मागे दुकानात कोणी तरी सुटे पैसे मागत होते. मग त्या म्हणाल्या, "हे तर तू सांगून राहिला. ते काय म्हनतात?" आणि लाइन तुटली.

काकांनी दुसऱ्या दिवशी हमीवर सही केली. मला परवाना मिळाला, मी शिकलो, याच गावात नोकरी केली, आणि याच गावात निवृत्त झालो. पगार पुढल्या वर्षी वाढला. आजी त्याआधीच गेल्या. काका गावी पोहोचले तेव्हा सगळे उरकले होते. परतल्यावर त्यांनी भिंतीवरची दांडी काढली नाही; अनेक वर्षे तिच्यावर टॉवेल वाळत असे. याविषयी त्यांनी मला कधी एका शब्दाने टोकले नाही. काकाही आता नाहीत. काकू आहेत, त्याच घरात, आणि रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जातो. वाढताना आजही विचारतात, "आलं का रे उत्तर?" आणि माझे तोंड पाहून स्वतःच म्हणतात, "जेव."

काही लोक मला सांगतात की हे फार जुने झाले, आता सगळे संगणकावर आहे. संगणकावर आहे हे खरे. आखनला, म्युनिकजवळच्या गार्चिंगला शिकणाऱ्या मुलांचे मला फोन येतात. "काका, शुल्काच्या रकान्यात शून्य टाकलं तर अर्ज पुढेच जात नाही, काय भरू?" मी त्यांना सांगतो की खरे असेल तेच भरा आणि पडद्याचा फोटो काढून ठेवा. मग त्यांच्या वतीने एक पत्र लिहितो. पूर्वी शेरा लिहायला निदान एक माणूस लागत असे, आणि त्याला जाऊन विचारता येत असे. मला वेडा पत्रलेखक समजणारे अधिकारी त्या कार्यालयात आहेत, हे मी जाणून आहे. ते माझी मागणी नुकसानभरपाईची आहे असे धरून चालतात, म्हणून माझ्या पत्रांवर 'कालबाह्य दावा' असे लिहितात. मी भरपाई कधी मागितलेली नाही, यापुढेही मागणार नाही. जे गेले त्याची भरपाई द्यायला त्यांच्याकडे काहीही नाही.

माझी मागणी वेगळी आहे, आणि अपिलांचे सगळे मार्ग संपल्यामुळे ती आता या पुस्तकातून, सर्वांसमक्ष करतो. त्या कार्यालयाच्या आजच्या प्रमुखांनी, मग ते कोणीही असोत, जाहीर उत्तर द्यावे: शुल्क न घेणाऱ्या विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला निर्वाह भत्ता कोणत्या नियमाने नाकारला, आणि तो नियम नसल्यास कोणाच्या मर्जीने? उत्तर माझ्या पत्त्यावर पाठवू नये; माझ्याकडे पोचा पुष्कळ आहेत. ते अमरावतीत वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात, मराठीत, नावासह आणि सहीनिशी छापावे. 'विचाराधीन', 'नियमोचित कार्यवाही' हे शब्द त्यात नकोत. ते एका वाक्यात असावे, कारण आजींनी फोनवर एकाच वाक्यात विचारले होते.